चार्लस्टन बघायचं तर पायी, आणि घराच्या मागच्या अंगणातूनही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्लस्टन शहरावर लेख आला होता. फोटो फार सुंदर होते, रंगीत घरं, घोडागाडी, पाण्याकाठची बाग, सगळं. पण तो लेख वाचून इथे येणारा माणूस नेमकं तेवढंच बघून परत जाईल आणि जे बघण्यासाठी खरं तर यावं त्याबद्दल लेखात एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबणार आहे, जागेअभावी कापावं लागलंच तर घोडागाडीचा भाग कापा पण मागच्या अंगणाचा भाग ठेवा ही विनंती.

मी बरीच वर्षं साउथ कॅरोलायनात राहते. देशातून नातेवाईक आले की चार्लस्टनची चक्कर ठरलेलीच, त्यामुळे तिथल्या वॉकिंग टूर्स मी वेगवेगळ्या गाइडबरोबर केल्यात, काही अतिशय उत्तम आणि काही अशा की पैसे आणि वेळ दोन्ही फुकट.

आधी शहराबद्दल. एका बाजूला ॲशली नदी, दुसऱ्या बाजूला कूपर नदी, मधे जमिनीची चिंचोळी जीभ आणि तिच्यावर हे शहर. इंग्रजांनी १६७०मध्ये ॲशलीच्या पलीकडच्या काठावर वसाहत केली, दहा वर्षांनी ती आत्ताच्या जागेवर हलवली. जुना भाग आटोपशीर आहे, रस्ते अरुंद, गल्ल्या तर काही इतक्या लहान की गाडी शिरतच नाही. १९३१मध्ये शहराने जुन्या वस्तीचं जतन करण्यासाठी कायदा केला, ऐतिहासिक भाग म्हणून अख्खी वस्ती राखणारा अमेरिकेतला तो पहिला कायदा, आणि त्यासाठी जुन्या घराचं बाहेरून काहीही बदलायचं तर आधी मंजुरी घ्यायची अशी समिती नेमली. त्याच्याही आधी १९२०मध्ये सुझन प्रिंगल फ्रॉस्ट नावाच्या बाईंनी लोकांना जमवून संस्था काढली होती, कारण एक जुनं घर पेट्रोल पंपासाठी पाडायची वेळ आली होती. ते घर वाचलं, आजही उभं आहे. हे सांगायचं कारण असं की इथे जे दिसतं ते नुसतं नशिबाने टिकलेलं नाही, माणसांनी भांडून टिकवलंय.

आता घोडागाडी. आपल्याकडच्या पाहुण्यांना ती हवीच असते, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना ती बरी हेही मान्य. पण बहुतेकांना माहीत नसतं की गाडी कुठल्या रस्त्याने जाणार हे गाडीवाल्याच्या हातात नसतं. एकाच भागात गर्दी होऊ नये म्हणून शहराने सोडत ठेवलीय, निघताना चेंडू पडतो आणि त्यावरून त्या फेरीचा विभाग ठरतो. म्हणजे तुम्ही रंगीत घरं बघायची म्हणून बसलात तरी गाडी दुसरीकडेच जाऊ शकते. शिवाय गाडी चालू असताना एखाद्या भिंतीपाशी थांबून हात लावून बघता येत नाही, आणि चार्लस्टन हे हात लावून बघायचं शहर आहे.

चांगला गाइड काय करतो ते सांगते. तो तुम्हाला एका घरासमोर उभं करतो आणि विचारतो, दार कुठे आहे? रस्त्याच्या बाजूला दार दिसतं, पण ते उघडलं की घरात नाही, बाजूच्या लांब व्हरांड्यात जातं. या व्हरांड्याला तिथे पियाझा म्हणतात. घर रस्त्याच्या बाजूने एकाच खोलीइतकं रुंद आणि मागे लांबच लांब, पियाझा बहुतेक दक्षिणेला किंवा पश्चिमेला, कारण एसी नव्हते तेव्हा समुद्राकडून येणारा वारा हाच आधार होता. मग तोच गाइड तुम्हाला मान वर करून भिंतीवरच्या लोखंडी चकत्या बघायला सांगतो. ३१ ऑगस्ट १८८६च्या रात्री इथे मोठा भूकंप झाला, शहराची प्रचंड पडझड झाली, आणि ज्या भिंती फाकल्या त्या सांधायला घराच्या आरपार लोखंडी सळया घालून दोन्ही टोकांना चकत्या लावून आवळल्या. एकदा ही गोष्ट कळली की मग तुम्ही पुढच्या प्रत्येक घरावर त्या चकत्या शोधत चालता, आमच्या मामी तर दोन तास तेच करत होत्या, लहान मुलांसारखं बोट दाखवून दाखवून.

पण सगळेच गाइड असे नसतात. ईस्ट बे स्ट्रीटवर तेरा रंगीत घरांची रांग आहे, रेनबो रो म्हणतात, तिचेच फोटो आपल्या लेखात होते. तिथे एका गाइडने आम्हाला सांगितलं की दारू प्यायलेल्या खलाशांना आपलं घर ओळखता यावं म्हणून हे रंग दिलेत. सगळे हसले, फोटो काढले. प्रत्यक्षात हे रंग १९३०च्या दशकातले आहेत, तोवर त्या घरांची पार रया गेली होती, मग डोरोथी लेग नावाच्या बाईंनी तिथलं घर घेऊन दुरुस्त करून गुलाबी रंगवलं आणि बघता बघता शेजारची घरंही रंगली. तसंच घरं अरुंद का, तर रस्त्याकडच्या रुंदीवर कर होता म्हणून, हेही ठोकून दिलं जातं, त्या कराला काही पुरावा नाही. खरी गोष्ट खोट्यापेक्षा जास्त रंजक असताना खोटी का सांगावी हे मला खरंच कळत नाही.

इथे एक मुद्दा आपल्या वाचकांना माहीत हवा. पूर्वी चार्लस्टनमध्ये पैसे घेऊन टूर द्यायची तर शहराचं लायसन्स लागायचं, आणि त्यासाठी जवळजवळ पाचशे पानांचं पुस्तक वाचून २०० प्रश्नांची लेखी परीक्षा द्यावी लागायची. काही होतकरू गाइड्सनी २०१६मध्ये कोर्टात दाद मागितली, बोलण्यासाठी सरकारची परवानगी का घ्यायची म्हणून. २०१८मध्ये संघीय न्यायाधीशांनी तो नियम रद्द केला, २०२०मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम केलं. जॉर्जियातल्या सव्हाना शहरातही असाच परवाना होता, तो तिथल्या शहराने २०१५मध्येच काढून टाकला. आता चार्लस्टनमध्ये ज्याला हवं त्याने परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यावं, सक्ती नाही.

मला स्वतःला कोर्टाचा निर्णय पटतो. गोष्ट सांगायला सरकारचा शिक्का लागू नये, आणि त्या परीक्षेत पास झालेले लोकसुद्धा खलाशांची गोष्ट सांगतच होते. पण याचा अर्थ असा होतो की आता चांगला गाइड निवडायची जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर आली, आणि आपण ती घेत नाही, आपण स्टार बघतो आणि बुक करतो. स्टार कशाला मिळतात तर गाइड विनोदी होता, पाणी दिलं, फोटो काढून दिले. तो काय सांगतो आणि काय गाळतो याला स्टार नसतात.

आणि गाळलं काय जातं, तर ती घरं बांधली कुणी हे.

या शहराचा पैसा आला तांदळातून, मग निळीतून आणि कापसातून, आणि ती शेती केली गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन माणसांनी. उत्तर अमेरिकेत जेवढी गुलाम माणसं जहाजांतून आणली गेली त्यातली साधारण चाळीस टक्के याच बंदरातून उतरली असं मानलं जातं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे गोऱ्यांपेक्षा काळी माणसं जास्त होती. म्हणजे ज्या शहराला आपण दक्षिणेचा थाट, दक्षिणेचं आदरातिथ्य वगैरे म्हणतो ते शहर मुळात या माणसांच्या हातांनी उभं आहे, विटा त्यांनी पाडल्या, दारं त्यांनी घडवली, स्वयंपाक त्यांनी केला, पोरं त्यांनी वाढवली. आणि तरी दोन तासांच्या टूरमध्ये मालकाचं नाव, मालकिणीचं नाव, जिना कुठल्या लाकडाचा, झुंबर कुठून आणलं हे सगळं येतं आणि ही माणसं येत नाहीत. आमच्या मामांनी एका टूरमध्ये विचारलं, ते मागे कौलारू दिसतंय तिथे कोण राहायचं? गाइड म्हणाला स्वयंपाकघर होतं, आता तिथे भाड्याने राहायला मिळतं, फार छान केलंय, आणि पुढे निघाला. स्वयंपाकघर होतंच, पण त्याच्या वरच्या खोल्यांमध्ये कोण झोपायचं हा प्रश्न होता.

याच्या उलट दुसऱ्या एका टूरमध्ये गाइड बाईंनी आम्हाला एका जुन्या विटांच्या भिंतीपाशी नेलं आणि काही न सांगता मामींचा हात धरून एका विटेवर ठेवला. विटेत खळगे होते, बोटांचे, तीन शेजारी शेजारी. ओली वीट साच्यातून काढून वाळत घालताना, उलटवताना उमटलेले ठसे. नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर गुलाम माणसं हे काम करायची आणि उलटवायचं काम बरेचदा मुलांकडे असायचं. मामींचं बोट त्या खळग्यात मावलं नाही. त्या काही बोलल्या नाहीत, आम्हीही नाही, आणि गाइडनेही तिथे भाषण दिलं नाही, मिनिटभर थांबू दिलं आणि मग पुढे कुठे जायचं ते सांगितलं. टूर म्हणतात ती ही.

चाल्मर्स स्ट्रीट नावाची दगडगोट्यांची जुनी गल्ली आहे, चालायला अवघड, तिथे ६ नंबरला ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम आहे. आधी माणसांचे लिलाव उघड्यावर, ओल्ड एक्स्चेंज इमारतीच्या बाजूला व्हायचे. १८५६मध्ये शहराने उघड्यावरचे लिलाव बंद केले, गुलामगिरी नव्हे, फक्त उघड्यावरचे लिलाव, आणि मग आसपासच्या गल्ल्यांमध्ये बंदिस्त जागा निघाल्या. त्यातलीच ही एक, आत्ताची इमारत १८५९ची. मागे माणसं डांबून ठेवायची चार मजली इमारत होती, स्वयंपाकघर होतं, मेलेल्यांना ठेवायची खोलीही होती, ते आता काही उरलेलं नाही. रेनबो रोपासून इथे यायला पाच-सात मिनिटं लागतात. माझ्या ओळखीचे कितीतरी मराठी लोक चार्लस्टनला जाऊन आलेत, रेनबो रोचा फोटो प्रत्येकाकडे आहे, चाल्मर्स स्ट्रीटला गेलेले फार कमी. यात त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही.

मग एलिझाबेथ स्ट्रीटवरचं एकेन-रेट हाउस. हे घर मुद्दाम डागडुजी करून चकचकीत केलेलं नाही, जसं मिळालं तसं राखलंय, वॉलपेपर सोलवटलेला, रंग उडालेला. मालक विल्यम एकेन हे राज्याचे गव्हर्नर होते आणि शेकडो गुलामांचे मालक. तिथे कानाला लावायला ऑडिओ मिळतो आणि तुम्ही आपले आपण फिरता, दिवाणखान्यात आणि मागच्या अंगणातही, जिथे एका बाजूला तबेला आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर, धुणं धुवायची जागा आणि वरती गुलामांच्या खोल्या. अंगणाला उंच भिंत. पुढच्या घराचं वैभव बघून मग त्या खोल्यांमध्ये उभं राहिलं की दोन्हीचा हिशेब आपोआप लागतो. हे वॉकिंग टूरमध्ये येत नाही, वेगळं तिकीट काढून जावं लागतं, पण जावंच.

चार्लस्टन म्युझियममध्ये तांब्याचे छोटे बिल्ले आहेत, तेही शोधून बघा. मालक आपला गुलाम दुसऱ्याकडे कामाला भाड्याने द्यायचा, त्यासाठी दरवर्षी शहराकडून बिल्ला विकत घ्यावा लागायचा, बिल्ल्यावर वर्ष, नंबर आणि काम, नोकर, हमाल, कोळी. नाव नाही.

आता सगळं दुःखाचंच आहे असं नाही, आणि दुःखाचंच सांगणारा गाइडही अपुराच म्हणायचा. ओल्ड सिटी मार्केटच्या आसपास बायका टोपल्या विणत बसलेल्या दिसतील, स्वीटग्रास नावाच्या गवताच्या. गवताची जुडी गोल गोल वळत न्यायची आणि पामच्या पातीने टाके घालायचे, भोक पाडायला कापलेल्या चमच्याचा दांडा. या गला-गीची समाजाच्या, म्हणजे इथे गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन माणसांच्या वंशातल्या बायका, त्यांची कला पश्चिम आफ्रिकेतून आलेली, आणि त्यातली रुंद पसरट टोपली जी आहे ना ती भात पाखडायची, अगदी आपल्या सुपासारखी कामाची. म्हणजे इथल्या तांदळाच्या शेतीत त्यांचे नुसते हात नव्हते, डोकंही होतं, भात लावायचा कसा, पाखडायचा कसा, हे ती माणसं घेऊन आली होती. कृपा करून तिथे घासाघीस करू नका, आपल्या लोकांना ती सवय आहे, पण एकेका टोपलीला कित्येक तास ते कित्येक दिवस लागतात आणि किंमत त्या मानाने जास्त नाही.

रस्त्याने चालताना लोखंडी फाटकं दिसतील, त्यातली कितीतरी फिलिप सिमन्स या काळ्या लोहाराच्या हातची, १९१२चा जन्म, २००९मध्ये गेले, पाचशेहून जास्त कामं केली. आणि बंदराकडे गेलात तर रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट गाइडला सांगायला लावा. उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांचं यादवी युद्ध चालू होतं, १३ मे १८६२ची पहाट, हा तेवीस वर्षांचा गुलाम दक्षिणेच्या सैन्याच्या प्लँटर नावाच्या जहाजावर सुकाणू धरायचा, गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेलेले बघून त्याने जहाजच सोडलं, वाटेत आपल्या आणि साथीदारांच्या बायकामुलांना घेतलं, कॅप्टनची टोपी घालून, बरोबर खुणेच्या शिट्ट्या देत किल्ल्यांसमोरून पार झाला आणि पलीकडे उत्तरेच्या आरमाराच्या हवाली जहाज केलं. पुढे तो अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेला. अशी गोष्ट हाताशी असताना खलाशांच्या दारूवर वेळ घालवायचा?

कॅल्हून स्ट्रीटवरच्या इमॅन्युएल चर्चपाशी थांबल्याशिवाय टूर पुरी होत नाही असं माझं मत. डेन्मार्क व्हेसी हा सुतार, लॉटरीच्या पैशातून स्वतःला सोडवून घेतलेला, त्याच्यावर १८२२मध्ये बंडाच्या कटाचा आरोप ठेवून त्याच्यासह ३५ जणांना फाशी दिलं, ज्या काळ्यांच्या चर्चशी त्याचा संबंध होता ते पाडून टाकलं. त्याच परंपरेतलं हे चर्च, आत्ताची इमारत १८९१ची. १७ जून २०१५च्या संध्याकाळी इथे बायबल वाचायला जमलेल्या नऊ जणांना एका वर्णद्वेष्ट्या तरुणाने गोळ्या घातल्या. जवळच्या चौकात गुलामगिरीचा कट्टर समर्थक जॉन कॅल्हून याचा पुतळा उंच खांबावर होता, तो जून २०२०मध्ये उतरवला. आणि जिथे गुलामांची जहाजं लागायची त्या गॅड्सडेन्स व्हार्फ या धक्क्याच्या जागी जून २०२३मध्ये इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम सुरू झालं, तिथे अर्धा दिवस ठेवा.

तर माझं म्हणणं एवढंच की बुकिंग करण्याआधी गाइडला मेसेज करून किंवा फोन करून सरळ विचारा, चाल्मर्स स्ट्रीटला नेता का, मागच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या माणसांबद्दल सांगता का, तुम्ही कुठून शिकलात. इथले लोक अशा प्रश्नांचा राग मानत नाहीत, उलट चांगल्या गाइडला आनंद होतो, आणि उत्तर गुळमुळीत आलं की समजून जायचं. काळ्या इतिहासावर खास टूर देणारेही गाइड आहेत, त्यात काही स्वतः गला-गीची समाजातले, त्यांच्यापासून सुरुवात करा आणि मग वाटलं तर घरांची, बागांची टूर घ्या, उलट क्रमाने नको. रात्रीच्या भुतांच्या टूर्स मात्र मी पाहुण्यांना नेत नाही, जिथे माणसांचे खरे हाल झाले तिथे घाबरून किंचाळायची करमणूक मला बघवत नाही.

पुण्या-मुंबईहून ग्रुप घेऊन येणाऱ्या टूर कंपन्यांनाही हेच सांगणं आहे. तुमच्या कार्यक्रमात चार्लस्टनला अर्धा दिवस असतो, त्यात बस थांबते, फोटो होतात, जेवण होतं, निघायचं. दोन तास स्थानिक गाइड घ्या, माणशी साधारण २५ ते ४० डॉलर लागतात, वर टीप द्यायची पद्धत आहे ती आधीच हिशेबात धरा. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आणि दमट हवा असह्य असते, मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरं. सकाळची टूर घ्या. वयस्कर लोकांना चपटे, घट्ट बसणारे बूट घालायला सांगा, कारण फूटपाथच्या फरशा झाडांच्या मुळांनी वर आल्यात, आणि मोठ्या भरतीच्या दिवशी काही रस्त्यांवर पाणी चढतं, जुन्या खाड्या बुजवून त्यावर शहर वाढलंय, तेव्हा भरतीची वेळ बघून निघा.

आणि आपल्याला विनंती, पुरवणीत पुन्हा चार्लस्टन किंवा सव्हाना आलं तर रेनबो रोच्या फोटोशेजारी ६, चाल्मर्स स्ट्रीट हा पत्ताही छापा. चौकटीत छापलात तर फारच उत्तम, लोक कात्रण काढून बरोबर आणतात.

आपली,
एक वाचक, साउथ कॅरोलायना